आधी मावशींच्या फोनवर भरून बघा

गेल्या वर्षी पावसाळ्यात, एका रविवारी संध्याकाळी, आमच्या भांडुपच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी दारात आल्या. मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता आणि शेवटची तारीख दोन दिवसांवर आली होती. "दादा, तुम्ही कॉम्प्युटरचंच काम करता ना? जरा बघता का? माझ्याकडून परत परत पहिल्यापासून येतंय." फॉर्म त्यांच्याच फोनवर भरायचं ठरवलं, कारण ओटीपी त्यांच्या नंबरवर येणार होता आणि उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, बँकेचं पासबुक, सगळ्यांचे फोटो त्यांच्याच गॅलरीत होते. फोन दोन जीबी रॅमचा, तीन वर्षं वापरलेला, काचेला एका कोपऱ्यात तडा.

पान उघडलं ते मुंगीएवढ्या अक्षरांत. दोन बोटांनी मोठं करायचं, डावीकडून उजवीकडे सरकवायचं, रकाना सापडला की टाइप करायचं, मग पुढचा रकाना शोधायचा. नाव, पत्ता, शाळा, जात, उत्पन्न असे एकवीस रकाने भरून झाल्यावर ओटीपी मागितला. मावशींनी मेसेज उघडला, सहा आकडे मनात घोकत परत ब्राउझरवर आल्या, आणि पान पुन्हा लोड व्हायला लागलं. एकवीसच्या एकवीस रकाने कोरे. "हेच ते," त्या म्हणाल्या, "मी काय चुकते तेच कळत नाही."

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. रॅम कमी असली की दुसरं ॲप उघडताच अँड्रॉइड मागे राहिलेलं ब्राउझरचं पान मेमरीतून काढून टाकतो आणि परत आल्यावर ते नव्याने मागवतो. भरलेली माहिती मध्येच जपून ठेवायची सोय वेबसाइटने केली नसेल, तर ती गेली. आठ जीबीच्या फोनवर हे सहसा घडत नाही, लॅपटॉपवर तर नाहीच. त्यामुळे वेबसाइट बनवणाऱ्याला असं काही होतं याचा पत्ताच लागत नाही. दुसऱ्या खेपेला ओटीपी वरच्या नोटिफिकेशनमध्येच वाचून घेतला, तेव्हा पुढचं पान आलं. तिथे लिहिलं होतं, फोटो वीस ते पन्नास केबीच्या मध्ये असावा. मावशींच्या फोनने काढलेला प्रत्येक फोटो तीन एमबीच्या आसपास. शेवटी ते सगळे माझ्या लॅपटॉपवर घेऊन लहान केले आणि परत त्यांना पाठवले. एक तास चाळीस मिनिटांनी अर्ज क्रमांक हातात पडला. निघताना मावशी म्हणाल्या, "स्टेशनजवळचा माणूस दीडशे घेतो, पण करून देतो."

मी चौदा वर्षं वेबसाइट बांधतोय. त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. लोकांच्या हक्काची सेवा देणारी कुठलीही वेबसाइट, मग ती सरकारची असो, महापालिकेची, विद्यापीठाची किंवा बँकेची, एका साध्या, स्वस्त, जुन्या फोनवर पहिल्या पानापासून पावतीपर्यंत काम पूर्ण करून दाखवत नसेल, तर ती तयार झालेली नाही. तिचं बिल काढू नये आणि उद्घाटनही करू नये. पान फोनवर दिसतं की नाही, हा प्रश्नच अपुरा आहे. अर्ज जातो का, हे विचारलं पाहिजे.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं, की तंत्रज्ञान नवं आहे, हळूहळू सुधारेल. हे खरं नाही. आयफोन २००७ साली आला. त्याच्या ब्राउझरने जुन्या, रुंद पानांशी जुळवून घ्यायला एक तोडगा काढला: पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरायचं आणि आकसून छोट्या पडद्यावर बसवायचं. मावशींच्या फोनवर दिसलेली मुंगीएवढी अक्षरं हा त्याच तोडग्याचा वारसा. पडद्याची खरी रुंदी वापर, हे ब्राउझरला सांगायला पानाच्या डोक्यावर एक ओळ पुरते. एकच ओळ. पडद्याप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या पानांची पद्धत ईथन मार्कॉट या वेब डिझायनरने २०१० च्या मे महिन्यात लिहून काढली आणि तिला 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव दिलं. त्याच्याही आधी, २००९ मध्ये, ल्यूक व्रोब्लेव्स्की हा दुसरा डिझायनर सांगत होता की आधी मोबाइलसाठी आखा, मोठ्या पडद्याचं नंतर बघा. ऑक्टोबर २०१६ मध्ये, वेबचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या मोजणीत, जगभरच्या इंटरनेट वापरात मोबाइल आणि टॅब्लेट मिळून ५१.३ टक्क्यांवर गेले आणि डेस्कटॉप पहिल्यांदा मागे पडला. आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, आणि ज्या घरात कधी कॉम्प्युटर येणार नव्हता त्या घरात इंटरनेट थेट फोनवरून शिरलं. म्हणजे काय करायचं हे ठाऊक होऊन पंधरा वर्षं उलटली. माहिती नव्हती म्हणून काम अडलं, असं आता कुणी म्हणू नये.

मग अडतं कुठे? माझ्या अनुभवात, वेबसाइट ताब्यात घेण्याच्या बैठकीत. अशा काही बैठकांना मी बांधणाऱ्यांच्या बाजूने बसलोय. एसी खोली, भिंतीवर प्रोजेक्टर, टेबलावर लॅपटॉप. निविदेत 'मोबाइल रिस्पॉन्सिव्ह' हा शब्द असतोच. त्याची परीक्षा म्हणजे कंत्राटदाराचा माणूस लॅपटॉपवरची ब्राउझरची खिडकी माउसने ओढून अरुंद करतो, पानातले चौकोन एकाखाली एक येतात, साहेब मान डोलावतात, पुढचा मुद्दा. लॅपटॉपचा प्रोसेसर तोच, ऑफिसचं वायफाय तेच, हातात माउस तोच. फोनचा त्यात फक्त आकार आला. ओटीपीसाठी दुसऱ्या ॲपमध्ये जाणं त्यात नाही, गॅलरीतला तीन एमबीचा फोटो नाही, अंगठा नाही. सुरक्षेचं ऑडिट झाल्याचा कागद फाइलला लावावा लागतो, आणि ते योग्यच आहे. कुणी फोनवरून फॉर्म भरून पाहिल्याचा कागद मात्र कोणत्याही फाइलला लागलेला मी पाहिलेला नाही. मीही त्या खोलीत गप्प बसलोय, आणि त्याची मला लाज वाटते.

याची किंमत रोखीत मोजली जाते. मुंबईत कुठल्याही तहसील कचेरीच्या, कॉलेजच्या, आरटीओच्या बाहेरच्या गल्लीत जा, 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी दिसेलच. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, दहावी-बारावीच्या निकालानंतर बाहेर रांग. ही दुकानं चालवणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. ते कष्टाचं काम करतात आणि अनेकांना अडचणीतून सोडवतात. पण सेवा ऑनलाइन आणली ती मधला माणूस जावा म्हणून, असं आपल्याला सांगितलं होतं. तो गेला नाही, कचेरीच्या दारातून गल्लीत आला एवढंच. आणि त्याच्या हवाली आपण काय करतो? आधारची प्रत, बँकेचं पासबुक, ओटीपीसुद्धा. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून जाहिराती करायच्या आणि वेबसाइट अशी बांधायची की तो दुकानदाराला सांगण्यावाचून गत्यंतर राहू नये, हे मला अतिशय चुकीचं वाटतं.

याहून गंभीर गोष्ट नोंदीची आहे. आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. ठरावीक मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. चांगला कायदा आहे. पण मुदतीचं घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होतं. एकवीस रकाने तीनदा भरून जी बाई कंटाळून फोन बाजूला ठेवते, तिचा अर्ज दाखलच होत नाही. विलंबाच्या यादीत ती नाही, नाकारलेल्यांच्या यादीत नाही. वर्षाच्या शेवटी अहवाल येतो की आलेल्या अर्जांपैकी इतके निकाली निघाले. न आलेल्यांना तिथे रकाना नाही. तो हवा असेल तर काढणं अवघड नाही. किती जणांनी फॉर्म उघडला, कितव्या पानावर सोडला, कोणत्या फोनवर सोडला, हे कुठलंही दुकान चालवणारी वेबसाइट रोज मोजते, कारण तिथे सोडून गेलेलं गिऱ्हाईक म्हणजे बुडालेला पैसा. सार्वजनिक सेवेने हेच आकडे दर महिन्याला जाहीर करावेत. नावं नकोत, नुसते आकडे.

आता कुणी म्हणेल, फाइव्ह-जी आलं, डेटा स्वस्त झाला, वेगाचं रडगाणं पुरे. नेटवर्क सुधारलं हे मान्यच आहे. पण संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर उभं राहून एखादं जड पान उघडून पाहा. आजूबाजूच्या हजारो लोकांमध्ये तोच टॉवर वाटला गेलेला असतो. हातात येणारा खरा वेग सेकंदाला एक मेगाबिटवर आला, तर दोन एमबीचं पान उतरायला सोळा सेकंद लागतात, आणि आजकालचं सरासरी मोबाइल पान दोन एमबीच्या वरच असतं. गुगल चांगल्या पानाची अपेक्षा धरतं ती मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसण्याची. शिवाय पान उतरलं म्हणजे काम संपत नाही. त्यातलं जावास्क्रिप्ट, म्हणजे पान हलतं-बोलतं करणारा कोड, फोनच्या प्रोसेसरला उलगडून चालवावं लागतं, आणि लॅपटॉपवर जे डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं त्याला स्वस्त फोन काही सेकंद घेतो. तेवढा वेळ बटण दाबलं तरी काही होत नाही. मग माणूस पुन्हा दाबतो, आणखी एकदा दाबतो, आणि कधी कधी फी दोनदा कापली जाते. टॉवर कितीही वेगवान झाला तरी फोन तोच राहतो.

आणि हे वजन असतं कशाचं? बहुतेकदा पहिल्या पानावर सरकत जाणाऱ्या मोठमोठ्या फोटोंचं. मराठीचं प्रत्येक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने पन्नास हजार शब्दांची अख्खी कादंबरी साधारण एक एमबीत मावते. उद्घाटनाच्या फीत कापतानाच्या एका फोटोचं वजन तेवढंच असतं. तो फोटो पाहायला त्या पानावर कुणी आलेलं नसतं. लोक दाखल्यासाठी येतात, पाणीपट्टी भरायला येतात, निकाल बघायला येतात.

मराठीपाशी मला जरा थांबायचंय, कारण फोनवरच्या मराठीची हेळसांड हा वेगळा आणि दुखरा विषय आहे. पान आखलं जातं इंग्रजीत, आणि तयार चौकटीत मराठी नंतर ओतली जाते. 'सबमिट'च्या मापाने केलेल्या बटणात 'अर्ज सादर करा' मावत नाही. मग 'अर्ज सा' आणि पुढे तीन टिंबं. ओळींमधलं अंतर रोमन लिपीच्या हिशेबाचं असतं, त्यामुळे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर आदळतो. अक्षरं 'ऐसपैस' दिसावीत म्हणून कुणीतरी दोन अक्षरांमध्ये जागा वाढवतो आणि शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. बारा पिक्सेलमध्ये इंग्रजी वाचता येतं, पण त्याच मापात 'द्ध' आणि 'ध्द' सारखेच दिसतात, अनुस्वार तर धुळीचा कण वाटतो. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाने ते कसं वाचायचं?

याच शहरात देवनागरीवर जन्मभर काम केलेली माणसं होऊन गेली. विंडोजबरोबर घराघरांत पोचलेला 'मंगल' हा फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत शिकवत होते. आजही 'मुक्त'सारखा सुबक फॉन्ट मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केलेला आहे आणि तो कुणालाही फुकट वापरता येतो. तोही जड वाटला तर अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी फॉन्ट आधीपासून असतोच, काहीही उतरवावं लागत नाही. पानाची भाषा मराठी आहे एवढं कोडमध्ये नोंदवलं, तर अशा फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे दिसतात. नोंद नसेल तर हिंदी वळणाचे येतात. दोन अक्षरांची नोंद आहे ती, एका मिनिटाचं काम. बहुतेक मराठी वेबसाइटांवर मी पाहतो तेव्हा तिथे इंग्रजीच लिहिलेलं सापडतं.

आणखी एक. मावशींनी वार्षिक उत्पन्न मराठी कीबोर्डवरून मराठी आकड्यांत लिहिलं होतं. फॉर्मने लाल अक्षरांत सांगितलं, 'योग्य संख्या भरा'. मराठी राज्यात, मराठी फॉर्ममध्ये, मराठी आकडा अयोग्य ठरला. मराठी आकडे स्वीकारून आतल्या आत बदलून घेणं हे शिकाऊ मुलाला सकाळी दिलं तर जेवणाच्या सुट्टीआधी होणारं काम आहे.

बाकीच्या दुरुस्त्याही याच मापाच्या आहेत. मोबाइल नंबरच्या रकान्यावर बोट ठेवताच आकड्यांचा कीबोर्ड उघडावा. भरलेली माहिती ब्राउझरमध्येच जपून ठेवावी आणि अर्ज गेल्यावर पुसून टाकावी. फोटो कितीही मोठा असला तरी तो लहान करण्याचं काम पानानेच करावं, ब्राउझरला ते केव्हाचं जमतं. ओटीपीच्या मेसेजच्या शेवटच्या ओळीत वेबसाइटचा पत्ता आणि आकडे ठरल्या पद्धतीने लिहिले, तर अँड्रॉइडवरचा क्रोम २०२० पासून तो ओटीपी एका स्पर्शात भरून देऊ शकतो, मेसेजमध्ये जावंच लागत नाही. बटण बोटाच्या टोकाएवढं, साधारण नऊ मिलिमीटरचं असावं आणि अंगठा पोचेल अशा जागी असावं, कारण कल्याण लोकलमध्ये दुसरा हात वरच्या कडीला असतो. मावशींचे ते एक तास चाळीस मिनिटं यातल्या तीन दुरुस्त्यांनी पंधरा मिनिटांवर आले असते.

वेबसाइट नीट करण्याऐवजी हल्ली एक पळवाट काढली जाते, ती म्हणजे ॲप. प्रत्येक खात्याचं वेगळं. ॲप वाईट असतं असं मी म्हणणार नाही. २०१४ च्या अखेरीस मुंबईत रेल्वेचं यूटीएस हे तिकिटाचं ॲप सुरू झालं आणि लोकलच्या तिकिटाच्या रांगेतून कितीतरी लोक सुटले. रोज लागणाऱ्या गोष्टीला ॲप शोभतं. पण वर्षातून एकदा भरायच्या फॉर्मसाठी, जन्माच्या दाखल्यासाठी, शाळेच्या प्रवेशासाठी माणसाने भरलेल्या फोनमधली घरची छायाचित्रं पुसून जागा का करावी? बाजारानेही हा धडा घेतलाय. कपडे विकणाऱ्या मिंत्राने मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं, आणि पुढच्या वर्षी वेबसाइट परत आणली. त्यात आता वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर खोट्या ॲपच्या फाइली फिरतात आणि लोकांची खाती रिकामी होतात. ज्या समाजाला आपण अनोळखी ॲप टाकू नका म्हणून सांगतो, त्यालाच दर महिन्याला एक नवं सरकारी ॲप टाकायला लावू नये. ब्राउझर प्रत्येक फोनमध्ये आधीच असतो. पत्ता माहीत असला की दार उघडतं, आणि काम झालं की फोनमध्ये काही उरत नाही.

हा नुसत्या सोयीचा प्रश्न राहिलेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणं, करता येत नाही या तक्रारीवर, न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल अपंगत्वाच्या संदर्भातला आहे आणि तिथे त्याची अंमलबजावणी सर्वांत आधी झाली पाहिजे. पण त्यातलं तत्त्व मावशींपर्यंतही पोचतं, असं मी ठामपणे मानतो. ज्या फोनवर त्यांचं सगळं आयुष्य चालतं, त्या फोनवरून त्यांना सरकारपर्यंत जाता आलं पाहिजे. केंद्राची सरकारी वेबसाइटांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. कागदावर कमतरता नाही. कमतरता आहे ती स्वीकारायच्या दिवशी कुणीतरी 'थांबा, भरून दाखवा' म्हणण्याची.

ते म्हणण्याची पद्धत मी सुचवतो. वेबसाइट ताब्यात घेण्याच्या दिवशी प्रोजेक्टर बंद ठेवावा. ती सेवा ज्यांना लागते अशा दहा जणांना बोलवावं: घरकाम करणाऱ्या दोन बायका, एक रिक्षावाला, एक वॉचमन, बारावीची दोन मुलं, कमी दिसणारी एक व्यक्ती, एक आजोबा, एक भाजीवाली, आणि मोबाइल नुकताच शिकलेली एखादी आजी. फोन त्यांचे स्वतःचे, डेटा त्यांच्या सिमवरचा, ऑफिसचं वायफाय द्यायचं नाही. वेबसाइट बांधणाऱ्यांनी मागे बसायचं, बोलायचं नाही, फक्त बघायचं. दहांपैकी नऊ जणांच्या हातात पावती आली तर सही. नाही आली, तर कुठे अडलं ते लिहून घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि महिनाभराने पुन्हा नव्या दहा जणांना बोलवायचं. आणि आलेल्या प्रत्येकाला त्या दिवसाची मजुरी द्यायची, कंत्राटाच्याच रकमेतून, हातात, तिथेच.